डॉक्टरम्माचा नवरा

साईरामची दाढ दुखू लागली तेव्हा त्याने सगळ्यात आधी कॉफी सोडली. तंजावूरच्या माणसाला हे सोपं नव्हे. पण होमिओपॅथीच्या गोळ्यांवर कॉफी चालत नाही असं कमलाक्षी पेशंटांना सांगायची, आणि कमलाक्षी त्याची बायको होती. राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना होता. साईराम वीज ऑफिसात नोकरीला. बसमध्ये शेजारी बसेल त्याला तो बायकोच्या हाताचा गुण सांगत असे.

तिने गोळ्या दिल्या. सकाळी तिळाच्या तेलाच्या चुळा, मग मिठाचं कोमट पाणी, दाढेत लवंग. साईराम सगळं इमानाने करायचा, पण त्याला एका जागी बसवत नव्हतं. गाल दाबून तो न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायचा. जेवताना उठायचा, परत बसायचा.

"एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवून या ना," कमलाक्षी म्हणाली.

"तू घरात असताना? लोक हसतील गे."

ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याने तीही अस्वस्थ झाली. गोळ्या मोजताना मोजणी चुकायची. पेशंट बोलत असताना तिचं लक्ष आतल्या फेऱ्यांच्या आवाजाकडे असायचं.

मग एका सकाळी दुखणं एकदम थांबलं. साईराम थेट बाहेरच्या खोलीत गेला. तिथे अलमेलु बसली होती, तिचीही दाढ किडली होती. तिला तो तमिळमध्ये सांगू लागला, "बघा, दाढ काढायची काही गरज नाही. डॉक्टरम्माच्या गोळ्या घ्या, पुरे!"

कमलाक्षीने त्याला आत बोलावलं. "तोंड उघडा." तिने त्या दाढेवर गार पाणी सोडलं.

"लागतं?"

"काहीच नाही."

"जरासुद्धा?"

"नाही म्हटलं ना! आनंद मान की."

तिला आनंद झाला नाही. आतली नस मेली की दुखणं असंच थांबतं, आणि आत साचलेलं मात्र पसरत राहतं, हे ती कॉलेजात शिकली होती. दिवसभर ती कुठलंही निमित्त काढून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी त्याच्या जबड्याखाली तिच्या हाताला कडक सूज लागली. सकाळी तो उठला तेव्हा अंग तापलं होतं, मान भरून आली होती, आणि तोंडात गरम भात धरून बोलावं तसा आवाज येत होता. लाळ गिळता येईना म्हणून त्याने उशाचा पंचा तोंडाला लावला होता.

"चला," ती म्हणाली.

त्याने हाताने नको म्हटलं. "दुसरी गोळी दे," कसंबसं बोलला. "बाहेर लोक आहेत. डॉक्टरम्माचा नवरा... म्हणतील..."

"म्हणू देत! माझ्या गोळ्यांचं हे काम नाही. ऐकलंत? हे माझं काम नाही."

इतक्या मोठ्याने ती घरात कधी बोलली नव्हती. पडद्यापलीकडची कुजबूज थांबली. तिने त्याचा दंड धरला आणि भरल्या खोलीतून त्याला बाहेर आणलं. आजही आलेली अलमेलु उठून उभी राहिली. "माझी गोळी, डॉक्टरम्मा?"

"तुम्हीही चला. तुमची दाढही दातांच्या डॉक्टरलाच दाखवायची आहे."

तिघं ऑटोत बसली. दातांची डॉक्टर नंदिता वयाने मुलीसारखी होती. साईरामचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना हे पाहताच तिने हातातलं अवजार खाली ठेवलं. "इथे नको, अक्का. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, मी फोन करते. सूज घशाकडे चालली आहे. श्वास अडकेल."

हॉस्पिटलात पू काढून टाकला, दाढ काढली, शिरेतून औषध चालू केलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं तेवढा वेळ कमलाक्षी व्हरांड्यात चालत राहिली. चपला कुठे काढल्या तेही तिला आठवेना.

सूज उतरल्यावर साईराम पहिल्यांदा नीट बोलला. "तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग ओढून का नेलं नाहीस?"

"तुमचा विश्वास मला आवडत होता."

त्याने उशी सरकवून तोंड तिच्याकडे केलं. मग म्हणाला, "मी त्या बाईला भलतंच सांगितलं."

"अलमेलुची दाढ वाचली. नंदिताने साफ करून भरली."

दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा काही जुने पेशंट आले नाहीत. कोणी तोंडावर विचारायचं, "तुमच्याच नवऱ्याला गुण आला नाही?" ती "नाही आला" म्हणायची आणि पुढच्याला बोलवायची. दात दुखतो म्हणून कोणी आलं की ती गोळ्यांच्या कपाटाकडे वळायचीच नाही. सरळ उठायची आणि त्याला नंदिताच्या दवाखान्याची वाट दाखवायला ओट्यापर्यंत यायची. तो माणूस खरंच त्या बाजूला वळला का, हे दिसेपर्यंत तिचा पाय आत पडत नसे.