मजीदभाईंच्या पेटीचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो. जरा लांबूनच बोला. संशय हा माझा धंदाच. त्यासाठीच अलीगढच्या कारागिरानं मला घडवलं. रत्नागिरीच्या बाजारात हजराभाभीनं मला विकत घेतलं आणि छप्पन साली नवरा कतारला निघाला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीला लावलं. मजीदभाई दुखानला तेलाच्या कंपनीत वायरमन होते. कामावर जाताना मला दोनदा ओढून बघायचे. किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

खोलीत दुसरी खाट इनासची. वसईचा ख्रिस्ती, ऑफिसात कारकून. सकाळी उठला की पेटीकडे तोंड करून कपाळ, छाती, दोन्ही खांदे शिवायचा आणि पुटपुटायचा, पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मजीदभाईंच्या कपाळाला आठी पडायची. तीन नावं कशाला, असं ते त्याला विचारायचेही. देव एक म्हणतो आणि नावं तीन घेतो, असल्या माणसाचा काय भरवसा? मलाही पटायचं. मेला माझ्याकडे बघूनच का पुटपुटतो?

पेटीत एक घड्याळ होतं, साजिदाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, होणाऱ्या नवऱ्यासाठी घेतलेलं. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मजीदभाईंना मोह आवरला नाही. ठेवणीतला कोट घातला आणि ते मनगटावर चढवून नमाजला गेले. सोमवारी पेटी उघडली तर घड्याळ नाही. परत आल्यावर जागच्या जागी ठेवलं होतं, असं ते शपथेवर सांगू लागले. जुम्म्यापासून माझ्यात कुणाचीच किल्ली फिरली नव्हती, पण कुलपाला कोण विचारतो? त्यांनी इनासवर शंका घेतली, माझ्यावरही घेतली. स्वतःवर तेवढी घेतली नाही. साहेबाकडे तक्रार गेली. इनासला शनिवारच्या बोटीनं परत पाठवायचं ठरलं. गावी त्याची विधवा आई, दोन लग्नाच्या बहिणी, आणि आता कपाळी चोराचा शिक्का.

पुढच्या जुम्म्याला मजीदभाईंनी तोच ठेवणीतला कोट चढवला आणि त्यांचा हात हजराभाभीनं आतून शिवलेल्या चोरखिशावर अडला. घड्याळ आतच होतं. मागल्या खेपेला वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, मनगटावरून काढून तिथं टाकलेलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, घड्याळ तळाशी दडवलं आणि मला लावून निघून गेले. चोराचा माल राखायची वेळ आली माझ्यावर! मला स्वतःची लाज वाटली, मित्रांनो.

नमाजहून ते परतले तेव्हा इनास वळकटी बांधत होता. मजीदभाई उभ्याउभ्याच म्हणाले, "घड्याळ माझ्याच कोटात होतं. मी तुला चोर ठरवलं. माफ कर, भाऊ."

इनासनं दोरी करकचून आवळली. राग आला होता त्याला, का येऊ नये? मग म्हणाला, "मजीदभाई, तुम्ही विचारायचात ना, तीन नावं कशाला? माफी देतो तो पिता. त्या माफीपायी स्वतः सोसतो तो पुत्र. आणि माफी मागायला जीभ उचलवतो तो पवित्र आत्मा. देव मात्र एकच. त्यानं मला इतक्यांदा माफ केलंय, तुम्हाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"तीन आणि एक माझ्या गळी उतरत नाही, इनास," मजीदभाई म्हणाले. "पण माझी जीभ आज कुणीतरी उचलली, एवढं खरं."

मग त्याच पावली साहेबाकडे जाऊन त्यांनी सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली. वळकटी सुटली. माझी किल्ली त्यांनी इनासच्या हातात दिली; त्यानं ती कधी वापरली नाही.

आज अकरा वर्षं झाली. दाराच्या खिळ्याला उघडंच टांगलंय मला. इनास पुटपुटला की अजून माझा डोळा तिकडे जातो. सवय आहे, काय करणार? मित्रांनो, मला गंज चढतोय, तेलाचे दोन थेंब तेवढे घाला. आणि कुणाच्या नावानं मला लावणार असाल, तर आधी आपला चोरखिसा चाचपून या.