चार मोकळ्या मात्रा

आतल्या खोलीत चमचा पडला आणि पेरांवर फिरणारा मात्रामामांचा अंगठा थांबला.

"छे! आता परत पहिल्यापासून."

हे यांचे मामा. कविता शिकवतात, दरवर्षी नव्या कवींच्या कवितांचा संग्रह काढतात आणि येताजाता मात्रा मोजतात, म्हणून घरात हे नाव. तोंडावर अर्थात नुसतं मामा.

आज त्यांच्या हातात माझी अंगाई होती. लेकीला एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने लिहिलेली. छापून येणारं माझं पहिलंवहिलं काही.

चमचा निजला, वाटी निजली
भिंतीवरची पालहि निजली
आता तूही निज ना

"दोन ओळी सोळा-सोळा मात्रांच्या, आणि तिसरी बाराच! लंगडतेय, सूनबाई. आणि निजलीला निजली? हे यमक म्हणायचं की आळस?"

"मामा, त्या चार मात्रा मोकळ्या सोडल्यात. तिथे थोपटायचं असतं."

"कुणी?"

घ्या! चार मुलं वाढली म्हणे मामांच्या घरात. यांच्या नकळतच वाढली असणार, बिचारी.

"थोपटणं कागदावर दिसतं का? नाही ना? मग ते वृत्तात नाही." त्यांनी पेन्सिल उचलली आणि ओळीच्या शेपटाला एक शब्द डकवला. "निज ना लवकर. हं! झाल्या सोळा."

अंगाईत 'लवकर'! जशी काही झोपेची गाडी सुटणार होती.

"पटत असेल तर संध्याकाळी छापखान्यात देतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." एवढं बोलेस्तोवर त्यांचं बिस्किट चहात विरघळलं. विद्वान बोटाने कपाचा तळ चाचपू लागले.

"विचारून सांगते."

"कुणाला? आमच्या भाच्याला?"

"नाही. जिची आहे तिला."

आत लेक पलंगावर चमच्याला पांघरूण घालत होती. तिला कुशीत घेतलं. केसांना दुधाचा वास येत होता. हलकेच म्हणू लागले. चमचा निजला, वाटी निजली, पाल निजली. तिचे डोळे जड झाले. आता तूही निज ना लवकर...

माझा हात तिच्या पाठीवर अधांतरी राहिला. टेकवायला जागाच नव्हती. ओळ संपली होती आणि पुढचं कडवं घाई करत होतं.

"काय गं, देऊ ना मग?" बाहेरून मामा.

लेकीने डोळे टक्क उघडले. माझा हात धरून आपल्या पाठीवर ओढत म्हणाली,

"आई, आता थोपटायचं कुठे?"