गवत झोपलंय

हिरवळवाले काका म्हणजे गल्लीतलं एक प्रकरणच होतं. जन्मभर पाणीखात्यात बसून नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यावर घरापुढच्या बारा पावलांच्या जागेत हौसेनं गवत लावलं, तेही कुठलं, तर थंड मुलखातलं! ऊन असं की दुपारी फाटकाची कडी हातात धरवत नाही, आणि यांना हवं थंडीत वाढणारं गवत. लोक म्हणाले, नोकरी सुटली की काही जणांचं असं होतं.

पण त्याला कारण होतं. काकांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याकडेच राहायची. आईवडील गेल्यावर शिवणकाम करून हिनं भावाला वाढवलं, शिकवलं. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. एकदा अंगणात अनवाणी फिरताना ती म्हणाली, "हे गवत पायाला टोचतं रे, छोट्या." छोट्या तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी तो मऊ पात्याच्या गवताचं बी शोधायला लागला.

आणि एकदा लावलं म्हटल्यावर मग काय विचारता! रासायनिक खत नाही, औषधाची फवारणी नाही. ताईचे पाय उघडे, हात मातीत, तेच हात तोंडाला जाणार, म्हणून सगळं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतावर. तेही काका चाळून घ्यायचे, पिठासारखं. गवत चार बोटांपेक्षा खाली कापायचं नाही, कापलेलं तिथंच पडू द्यायचं, पाणी उजाडायच्या आत आणि मुळापर्यंत. थंडीत त्यावर ताईनं पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा ती बराच वेळ नुसती पायाची बोटं हलवत उभी राहिली.

ताईला जग दिसायचं ते काकांच्या तोंडून. हा दोरा कुठला? निळा. दूध उतू गेलं का? थोडं गेलं. एकदा तिनं विचारलं, "माझे केस किती पिकले रे?" काका म्हणाले, "जवळजवळ सगळे." ती खळखळून हसली. "बरं झालं खरं सांगितलंस. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चार-दोनच." एक गोष्ट तिनं कधी दोनदा विचारली नाही. भाऊ निळा म्हणाला की दोरा निळा. हा विश्वास काकांच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू होती, आणि त्यांना ते माहीत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

उन्हाळा तापला की हे गवत झोपतं. पाती वाळून काडीसारखी पिवळी पडतात, बुडखा मात्र जिवंत असतो. अशा वेळी त्याला उठवायचं नाही, तुडवायचं नाही, पंधरा दिवसांनी जरा पाणी दाखवायचं आणि हवा पालटेपर्यंत वाट बघायची. काकांना हे तोंडपाठ होतं. पहिले दोन उन्हाळे सौम्य होते, गवत थोडंफार हिरवं राहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र पार पिवळं झालं.

समोर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांनी अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, वर्षभर पोपटी. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून ते हाक मारायचे, "काय काका, कापणी कधी?" एक दिवस म्हणाले, "आमच्याकडे कवळी बसवून मिळते बरं का, गवतालाही!" काका हसून सोडून द्यायचे, पण आत नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्यातच बागप्रेमी मंडळाची चिठ्ठी आली. मंडळाच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी लिहिलं होतं: औषधाविना हिरवळ कशी राखता ते बघायला आम्ही बारा-पंधरा जण रविवारी सकाळी दहाला येतो. काकांनी चिठ्ठी ताईला दोनदा वाचून दाखवली. मग अंगणात जाऊन त्या पिवळ्या काड्यांकडे बघत उभे राहिले. सरळ कळवायचं होतं की बाई, सध्या गवत झोपलंय, थंडीत या. एवढंसं वाक्य! ते काही त्यांच्या हातून लिहून झालं नाही.

त्याऐवजी बाजारातून एक डबा आला. खेळाची मैदानं हिरवी दिसावीत म्हणून मारतात तो रंग. आठवडाभर तो न्हाणीघराच्या माळ्यावर पडून होता. काका रोज ठरवायचे, परत करून येतो. रविवारी पहाटे पाचला त्यांनी तो पाण्यात कालवला आणि पंपानं फवारायला घेतला. स्वतःशीच म्हणत होते, रंगच तर आहे, विष थोडंच आहे. डब्यावर लिहिलं होतं, दिवसभर यावर चालू नये. कोण चालणार होतं? पाहुण्यांना पायवाटेवरच उभं करायचं असं ठरलं होतं, आणि ताई तर दोन महिने गवताला तुडवायचं नाही म्हणून तिकडे फिरकलीच नव्हती.

ताईला वासानं जाग आली. खिडकीतून तिनं विचारलं, "काय करतोस रे एवढ्या पहाटे?"

"कुंपणाला रंग देतोय."

"कुठला?"

"पांढरा," काका म्हणाले. तोंडातून निघून गेलं, इतकं सहज की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दहाला मंडळी आली. डॉक्टरही रस्ता ओलांडून आले आणि आ वासून बघतच राहिले. "काल संध्याकाळपर्यंत तर..." एवढंच म्हणाले. बाकीच्यांनी मात्र कौतुकाचा नुसता पाऊस पाडला. एवढ्या उन्हात असं हिरवंगार! एकानं वहीच काढली. बाईंनी विचारलं, "खत कुठलं?" काका म्हणाले, "घरचंच. दुसरं काही नाही." काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला सांगा. त्या पाच मिनिटांत ते स्वतःही रंगाचं विसरून गेले होते.

आणि काठी टेकत ताई पायरी उतरली. अनवाणी.

"आलात का सगळे? कडेकडेनं उभे राहा हं, त्याला तुडवू नका. झोपलंय ते." काका पुढे झाले, पण ती गवतावर पोचलीसुद्धा. "मला माहीत आहे, हे वाळलेलं बघून तुमची तोंडं पडली असतील. एवढ्या उन्हात आलो आणि हे काय, काड्या! पण पडू देऊ नका. मुद्दाम सांगायला आलेय मी."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

"आमचा छोट्या मनात आणता तर ते खताचे पांढरे दाणे टाकून चार दिवसांत हिरवं करून दाखवता. मीच म्हटलं त्याला, टाक रे बाबा, लोक हसतात तुला. म्हणाला, ताई, दमून झोपलेल्याला चाबकानं उठवायचं नसतं. दोन महिने डॉक्टरांची थट्टा ऐकतोय, पण जे आहे ते तसंच ठेवलं त्यानं. वाळलंय तर वाळलेलं दाखवलं. हे शिका याच्याकडून, गवत काय, कोणीही लावेल."

मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी पाती बाजूला सारली. "इथे बोट लावून बघा, बुडाशी. गार लागतं की नाही? जिवंत आहे." हात वर केले ते तळव्यापासून मनगटापर्यंत हिरवे. कपाळावर घाम आला होता, तो तिनं त्याच हातानं पुसला. कपाळ, नाक, गाल, सगळीकडे हिरवे पट्टे उमटले. पावलं तर आधीच रंगली होती.

मागे कोणीतरी फसकन हसलं. बाईंनी वळून असं बघितलं की तो माणूस वही उघडून त्यात तोंड घालून बसला.

"कोण हसलं? काय झालं?" ताईनं चेहरा इकडे तिकडे फिरवला.

सगळे काकांकडे बघत होते. आता बोल, आता तरी बोल! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते काकांना त्या क्षणी अक्षरशः हवं होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "काही नाही ताई. फार छान सांगितलंत तुम्ही." काकांना सुटल्यासारखं वाटलं. परक्या बाईनं आपल्यासाठी खोटं बोलावं आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटावं, याची त्यांना इतकी लाज वाटली की निरोप घेणाऱ्यांकडे मान वर करून बघवेना. दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. चहा कोणीच घेतला नाही.

ताई पायरीवर बसली होती, खुशीत. "बरं बोलले ना रे? लवकर गेले पण सगळे. माझ्या तोंडाला काही लागलंय का? ओढल्यासारखं होतंय."

काका ओला पंचा घेऊन समोर बसले. माती लागलीय, एवढं म्हटलं की झालं असतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्या हिरव्या पट्ट्यांमधला तिचा निर्धास्त चेहरा बघून त्यांच्यानं ते म्हणवलं नाही.

"रंग आहे, ताई."

"पांढरा?"

"हिरवा. गवताला मारला होता. पहाटे."

तिनं हाताची बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "म्हणजे त्यांना हिरवं दिसत होतं?"

"हो."

"मी बोलत होते, तेव्हा पण?"

"हो."

"माझ्या तोंडावरही दिसत होतं?"

"हो, ताई."

"आणि तू तिथंच उभा होतास."

काकांनी मान हलवली. मग ते तिला दिसत नाही हे आठवून म्हणाले, "होतो."

ओरडली असती, काठी मारली असती तरी चाललं असतं. तिनं नुसता हात पुढे केला. "दे तो पंचा इकडे. माझं मी पुसते." तिनं घासून घासून तोंड पुसलं, कपाळ लाल होईपर्यंत. मग हात, मग पावलं. मग पुन्हा तोंड.

"गेला," काका हळूच म्हणाले. "सगळा गेला, ताई."

तो खरंच गेला होता, कानामागेसुद्धा एक ठिपका नव्हता. ताईनं ऐकून घेतलं. मग काठी चाचपली, उठली, भावाच्या हाताला हात न लावता पायवाटेनं फाटकापर्यंत गेली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली.

"डॉक्टर, अहो डॉक्टर! जरा येऊन बघता का? माझ्या तोंडावर काही राहिलंय का?"