दगावलेल्यांचा रकाना

मनोहररावांना आकडा दाखवला की ते मान डोलवायचे. माणसानं तोंडी सांगितलं की भुवया चढवायचे. तीस वर्षं सांख्यिकी कार्यालयात तक्ते मांडलेला माणूस, दुसरं काय करणार! त्यामुळे बायकोचं, शामलाबाईंचं पोट दुखायला लागलं आणि अन्न जाईना, तेव्हा त्यांनी कोणाला न विचारता मोबाईल उघडला. एका रुग्णसंघटनेनं नागपुरातल्या पोटविकारतज्ज्ञांची माहिती सगळ्यांसाठी खुली केली होती: कोणी दुर्बिणीनं किती उपचार केले, त्यात किती रुग्ण दगावले.

"जरीपटक्यातल्या डॉक्टरकडे न्या ना जी मले," शामलाबाई म्हणाल्या. "शेजारची जयवंता तिथंच बरी झाली."

"एका जयवंतावरून ठरवते काय वं? तिथं वर्षात अकरा दगावले. धंतोलीवाल्याकडे एक बी नाही."

आकड्यांवरून नवऱ्याशी वाद घालायचा नाही, हे शामलाबाई संसारात केव्हाच शिकल्या होत्या.

धंतोलीचे डॉक्टर मोठे गोड बोलायचे. तीन महिने ते पित्ताच्या गोळ्या बदलत राहिले. मग शामलाबाईंचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, आणि डॉक्टरांनी एका मिनिटात चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या उपचारासाठी जरीपटक्याला जा.

जरीपटक्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मनोहररावांना बाजूला घेतलं. "पित्तनळीत गाठ आहे. पसरली आहे. तीन महिने आधी आला असता तर काढता आली असती." मग थकल्या आवाजात म्हणाले, "अवघड झालेले सगळे इकडेच पाठवतात हो."

बाहेरच्या बाकावर बसून मनोहररावांनी तो तक्ता पुन्हा उघडला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: रुग्ण कोणत्या अवस्थेत आले, हे यात धरलेलं नाही. अशा तळटिपा त्यांनी स्वतः शेकड्यांनी लिहिल्या होत्या, आणि त्या न वाचणाऱ्या साहेबांना ते घरी येऊन हसायचे. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की आत जाऊन बायकोकडे बघवेना.

शामलाबाई दिवाळीआधीच गेल्या.

राहिलेले कागद न्यायला मनोहरराव जरीपटक्याच्या दवाखान्यात आले, तेव्हा सावनेरचा एक माणूस बायकोला घेऊन बसला होता. ती पोट धरून वाकली होती. त्यानं मोबाईल पुढे केला. "काकाजी, यात तर इथं लय लोक मेले दाखवते. तुमचा पेशंट झाला काय बरा?"

"नाही. माझी बायको गेली," मनोहरराव म्हणाले. "पण तुम्ही इथंच थांबा. मीच उशिरा आणलं तिले. हा आकडा..." पुढचं त्यांना बोलताच येईना.

त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि पिशवी उचलत बायकोला म्हणाला, "ऊठ वं. आपण धंतोलीले जाऊ."