बिनप्रवाशाची गाडी

मी बाबागाडी बोलतेय. नावात गाडी आहे म्हणून उगाच मान देऊ नका. माझ्यात बसून कुणी फार लांब गेल्याचं मला तरी आठवत नाही. माझा रंग एके काळी मोरपंखी होता. आता तो कोणता आहे यावर घरात एकमत नाही.

दुकानात मात्र माझा रुबाब बघण्यासारखा होता. काचेमागे पहिल्या रांगेत उभी असायचे. पाच पट्ट्यांचा बेल्ट, ऊन अडवणारी टोपी, खाली जाळीची टोपली आणि पायाने दाबायचा ब्रेक. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "मूल एकदा यात बसलं की उतरायचं नाव घेत नाही." मी ते ऐकून ऐकून खरं मानलं. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, त्यातली ही पहिली.

मला घेतलं ते चार माणसांच्या घराने. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बाबा एका शाळेत प्रयोगशाळेचं सामान सांभाळतात. आजोबा, म्हणजे अप्पा, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आणि सात महिन्यांची एक मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. हे आधी कळलं असतं तर मी दुकानातच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले असते.

बाबांनी मला खोक्यातून काढून जोडलं. सोबतचा कागद न वाचता जोडलं, कारण कागद वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ढकलायचा दांडा त्यांनी सगळ्यात वरच्या खाचेत ठोकून बसवला. तो जो तिथे अडकला तो आजतागायत. मला ढकलताना आईला कोपरं वर करावी लागतात.

"गाडी आणलीत की शिडी?" तिने विचारलं.

"उंच आहे ते बरंय. कंबर वाकणार नाही," बाबा म्हणाले. चूक अंगाशी आली की तिला सोय म्हणायचं, ही माणसांची खोड मला तेव्हाच कळली.

पहिल्या दिवशी भिंगरीला माझ्यात बसवायला गेले, तर ती फळीसारखी ताठ झाली. मधून वाकेचना. दुसऱ्या दिवशी वाकली, पण बाबा बेल्ट लावून उठतात न उठतात तोच ती खालच्या टोपलीत पोचलेली. ज्या खोक्यातून मी आले त्या खोक्यात मात्र ती तासतासभर मजेत बसायची. त्याला ना चाक ना ब्रेक! मी कोपऱ्यातून बघायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

एका रविवारी सगळे तळ्यावर बदकं बघायला निघाले. तयारीला दोन तास लागले. लंगोट, दोन बाटल्या, टोपी, ती हरवली तर दुसरी टोपी, सगळं माझ्या टोपलीत गेलं. भिंगरी बाबांच्या खांद्यावर चढली आणि माझ्यात बसलं कलिंगड. घरंगळू नये म्हणून आईने त्याला पाचही पट्ट्या लावल्या. वाटेत एक बाई कौतुकाने वाकल्या. "झोपलंय वाटतं सोनुलं," म्हणत त्यांनी माझी टोपी बाजूला केली आणि आत बघून तशाच सरळ झाल्या. "बाळसं छान आहे हो," म्हणाल्या नि चालायला लागल्या. खोटं कशाला बोलू, इतकं शहाणं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

तळ्यावर भिंगरीने बदकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला माझं चाक फिरवून बघायचं होतं. ते तिने पाऊण तास फिरवलं. तेवढ्यावरही मी खूश होते, यावरून माझी लायकी ओळखा.

पुढे माझी खालची दांडी धरून ती उभी राहायला शिकली, मग मला ढकलत चालायला, आणि एक दिवस दांडी सोडून पळाली. मला वाटलं, संपलं आपलं.

त्याच सुमारास अप्पा न्हाणीघरात घसरून पडले. हाड वाचलं, पण उजवा गुडघा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. बाबांनी गुळगुळीत, छानशी काठी आणली. अप्पांनी ती दारामागे टांगली.

"साठ माणसं घेऊन घाट उतरलोय मी. मला काठी?"

आईने स्पष्टच सांगितलं, "अप्पा, मग भिंगरीला घेऊन बाहेर जायचं नाही. तुम्ही वाटेत पडलात तर तिला कोण बघणार?"

अप्पा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी नातीला बागेत नेणं एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. तेही गेलं तर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या, एवढंच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाबागाडीतून नेतो. बांधलेली असली की पळणार नाही."

"ती बसते का त्यात?"

"माझ्या गाडीत बसते."

माझी छाती फुगली. अखेर माझी किंमत कळणारा माणूस भेटला म्हणायचा! दारातून निघताना भिंगरी खरंच बसायची. पण कोपरा वळून पायवाट लागली की अप्पा मागे वळून घराची खिडकी दिसत नाही ना याची खात्री करायचे आणि तिला उतरवायचे. तिच्या जागी वाटेतले दगड, काड्या आणि एक फुटका चेंडू बसायचा. माझी छाती होती तिथे आली.

मग आमची बस सुटायची. "डावीकडे!" म्हटलं की भिंगरी डावा हात हलवायची. "थांबा!" म्हटलं की जागच्या जागी थांबायची. बागेपर्यंत पाच बाक होते आणि प्रत्येक बाक म्हणजे एक थांबा. "बाक आला, उतरून घ्या!" अप्पा ओरडायचे. "उतला, उतला!" करत भिंगरी बाकावर चढायची, अप्पाही बसायचे, गुडघा चोळायचे. मी मनात म्हणायचे, काय लाड करतात हे नातीचे! तिची इवलीशी पावलं दमतात म्हणून दर बाकाला थांबतात. दांड्यावर ते अख्खा भार टाकायचे, तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर केवढा हा विश्वास! माझ्या चाकांना तेल मिळत होतं, डोक्याला मिळत नव्हतं.

घरी आई भिंगरीशी एक खेळ खेळायची. कपड्यांच्या घड्या करता करता विचारायची, "चष्मा कुणाचा?" "आईचा." "हे मोठे बूट कुणाचे?" "बाबाचे." दोन वर्षांची होईतो भिंगरीला घरातली प्रत्येक वस्तू कुणाची ते पाठ झालं. माझ्याबद्दल कुणी विचारत नसे. मी कुणाची हे काय विचारायचं?

मग आईच्या मनात आलं की मुलगी आता तुरुतुरु चालते, तर मी घरात कशाला हवी? खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंना बाळ झालं होतं. आईने मला पुसून, पट्ट्या धुऊन तयार ठेवलं आणि त्यांना वर बोलावलं.

अप्पा पेपर वाचत होते. "घेऊन जा, घेऊन जा," ते पेपरामागूनच म्हणाले. "इथे धूळच खातेय." मग जरा थांबून, "डावं पुढचं चाक ओढतं. महिन्याला एक थेंब तेल घाला. आणि उतारावर आधी ब्रेक, मग बोलणं." पेपराचं पान काही उलटत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, ते सगळं मी माझ्यासाठीच वाटून घेतलं.

आई भिंगरीला म्हणाली, "गाडी कुणाची? आता खालच्या बाळाची. हो ना?"

"नाई," भिंगरी म्हणाली. "अप्पांची."

"अगं, अप्पा बसतात का त्यात?" आई हसली.

भिंगरी माझ्यामागे आली. वरच्या दांड्यापर्यंत हात पोचेना, म्हणून तिने खालची दांडी धरली. उजवा पाय ताठ केला. मग एक पाय ओढत, माझ्यावर सगळा भार टाकत ती चालायला लागली. दर पावलाला हळूच म्हणे, "आई गं... आई गं..." खुर्चीपाशी थांबली. "बाक आला. उतला." खुर्चीवर बसली आणि डोळे मिटून गुडघा चोळत राहिली.

पेपर खाली आला होता. आईने अप्पांकडे बघितलं, दारामागच्या धुळकट काठीकडे बघितलं, आणि मग माझ्या दांड्याकडे. बाबांनी चुकून उंच बसवलेला दांडा अप्पांच्या बरोबर हाताशी येत होता. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला हे वर्षभर दिसलं नव्हतं. मला तरी कुठे दिसलं होतं? मी तर रोज त्यांच्या हाताखाली होते.

आई शिवणाऱ्या बाईंना म्हणाली, "ताई, माफ करा हं. ही गाडी अजून वापरात आहे. तुमच्यासाठी आपण दुसरी बघू."

त्या काही न विचारता "बरं" म्हणाल्या. त्या गेल्यावर आई हळूच म्हणाली, "अप्पा, एका शब्दाने बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात?" अप्पांनी पेपराची घडी घातली. "ते डावं चाक तेवढं बघायला हवं."

आता मी रोज उघडपणे जाते. रिकामी असताना अप्पांच्या भाराने मागे कलंडू नये म्हणून आईने माझ्यात वाळूची पिशवी ठेवलीय आणि तिला पाचही पट्ट्या लावल्यात. कलिंगडानंतरचं माझं हे दुसरं शहाणं गिऱ्हाईक. भिंगरी पुढे पळत जाऊन बाक अडवून ठेवते आणि "बाक आला" ओरडते. गुडघा चोळायचं कामही तिनेच घेतलंय, तेवढ्यापुरतं ती एका जागी ठरते.

तुम्हाला वाटेत आम्ही दिसलो, तर टोपी बाजूला करून आत बघू नका, आत वाळू आहे. कौतुक करायचंच असेल तर मान वर करा आणि गाडी चालवणाऱ्याचं करा. आणि घाईत असाल तर बाजूने पुढे जा, पुढच्या बाकापर्यंत पोचायला आम्हाला जरा वेळ लागतो.