दोन थापा

आमच्या ज्यूडोच्या हॉलच्या दारात एक फळा आहे. त्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात 'मुलांना होणारे आठ फायदे' लिहून ठेवलेत: शिस्त, एकाग्रता, आत्मविश्वास, चपळता, जिद्द, आदर, स्वसंरक्षण आणि शेवटी, खाली जागा उरली म्हणून, उंची. सर स्वतः पाच फूट दोन इंच. आठव्या फायद्याबद्दल आजवर एकाही पालकाने तोंड उघडलेलं नाही. पण सरांना एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळल्याशिवाय कुणी पुढेही सरकलेलं नाही.

त्या फळ्याखाली माझं टेबल. हजेरी मांडायची, उशीर झालेल्यांना डोळे वटारायचे, विसरलेले डबे सांभाळायचे. मुलं मला हजेरीकाकू म्हणतात. याआधी एकतीस वर्षं मी एका कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा टिपत होते. माणूस फाटकातून कसा शिरतो यावरून त्याच्या घरातलं सगळं कळतं असा माझा दावा नाही. अंदाज सहसा चुकत नाही, एवढंच.

तर एका सोमवारी एक बाई आली ती जवळजवळ धावतच. मागून दोन फरशा सोडून एक मुलगी. आठ-साडेआठ वर्षांची, काडीसारखी. बाईने फळा वाचला. पालक तिथे भाजी निवडल्यासारखे फायदे निवडतात, तशी तिनेही निवड केली.

"ही तोंडातून शब्द काढत नाही हो. शाळेत कुणी ढकललं तर बाजूला सरकून त्यालाच वाट करून देते. मला तीन नंबर हवाय. आत्मविश्वास."

"सुटा मिळत नाही," मी म्हटलं. "बाकीचे सातही बरोबर न्यावे लागतात."

ती हसली नाही. हसायला तिला वेळ नव्हता. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. ही एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते. अर्ज भरताना मुलीने तिच्या बोटांत बोटं अडकवली, तशी तिने ती हळूच सोडवली आणि मला म्हणाली, "दिवसाला साठ जणांचे हात धरते मी. संध्याकाळी कुणाचा हात नको वाटतो." यात वाईटपणा काही नव्हता. दमलेल्या माणसाने चप्पल काढावी तसं तिने ते सांगितलं.

मुलीचं नाव हजेरीपटात लिहिलं, पण पोरांनी पहिल्याच दिवशी तिला मुंगी करून टाकलं, आणि तेच चिकटलं.

ज्यूडोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला, आणि मग दाबून धरायला. एकाने पाठीवर पडायचं. दुसऱ्याने छातीवर छाती टाकून, मान आणि एक हात कवेत घेऊन त्याला जमिनीला खिळवायचं. वीसपर्यंत आकडे मोजायचे. खालच्याला सुटता येईना आणि जीव घाबरा झाला, तर त्याने मॅटवर दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्या की वरच्याने त्या क्षणी सोडायचं. यावर सरांकडे अपील नाही.

मुंगी थाप मारत नसे.

तिसऱ्या आठवड्यात सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांची छाती दोन इंच फुगली. "बघा काकू, काय जिद्द आहे पोरीत!" मुंगीच्या प्रगतीच्या कार्डावर त्यांनी पाचव्या फायद्यासमोर बरोबरची खूण केली.

मी कार्ड खणात ठेवलं. पण जिद्दीची पोरं मी पाहिलीत. ती खाली पडली की लाथा झाडतात, दात खातात, लालबुंद होतात. मुंगी थंडीत पांघरूण मिळाल्यासारखी डोळे मिटून पडून राही. वीस झाले, वरचा उठला, तरी तिची मूठ त्याच्या सदऱ्याच्या कॉलरीत आणखी क्षणभर अडकलेली असे. आणि जोडीदार निवडायला सांगितलं की ती हमखास रणगाड्यापाशी जाऊन उभी राही. रणगाडा म्हणजे बेकरीवाल्याचा मुलगा, वर्गात सगळ्यात वजनदार. बाकीची पोरं त्याच्या नावाने पळ काढत.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. मुंगी सगळ्यांच्या आधी येई आणि माझ्यासमोर पट्टा धरून उभी राही. "काकू, बांधा." मी बांधून देई. एकदा मी पाणी भरायला जिन्यात गेले, तर ही पायरीवर बसून स्वतःच्या कमरेची पक्की गाठ सोडत होती. सोडली, पट्टा गुंडाळला, वर आली. "काकू, बांधा."

मी बांधून दिला. सगळंच टिपून ठेवायचं नसतं.

मग तो मंगळवार आला. सर एका पोराच्या नाकातलं रक्त थांबवत होते. आकडे मोजायचं काम ज्या दोघींकडे होतं, त्या चौदा झाले की पंधरा यावर भांडायला लागल्या. रणगाडा मुंगीवर. वीस कुणी म्हणेना, मुंगी थाप मारेना. सर ओरडले तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. पाणी मारलं, उठवून बसवलं, खोकली, डोळे उघडले. तिच्यापेक्षा रणगाडाच मोठ्याने रडत होता. "हिने थापच मारली नाही! मी थापेची वाट बघत होतो!"

मुंगीची आई आल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं. "जे मूल थाप मारत नाही त्याला मी ठेवू शकत नाही. उद्या काही झालं तर? शनिवारी बघतो. मारली तर ठीक. नाहीतर काकू, नाव कमी करा."

"पण कार्डावर तुम्हीच जिद्द म्हणून खूण केलीत ना?" मी विचारलं.

सर तडक रणगाड्याचं सांत्वन करायला गेले.

"का नाही मारलीस?" आईने मुंगीला विचारलं. "गुदमरत होतं ना? अगं बोल की! बोलावंस म्हणून तर आणते इथे!" मुंगी पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ गिरवायला लागली. आई स्कूटर काढायला खाली गेली.

मी हजेरीपट मिटत होते. मुंगी टेबलाला टेकून उभी राहिली.

"काकू, थाप मारली की सोडतात."

"हो. म्हणून तर मारायची."

मंद बुद्धीच्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणून तर नाही मारत."

खालून हॉर्न वाजला. ती गेली.

घरी येऊन मी चहा टाकला आणि सवयीने मनातल्या मनात मांडणी करायला बसले. हे गेल्याला नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षभरात मला कुणाकुणाचा हात लागला? दातांचा डॉक्टर. चपलांच्या दुकानातला माणूस, माप घेताना. बसमधली एक बाई, तीही लगेच 'सॉरी' म्हणाली. यादी संपली. चहा उतू गेला.

गुरुवारी मी हॉल लवकर उघडला. मुंगी आलीच. मी चपला काढल्या आणि इथल्या चार वर्षांत पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला.

"चल. दाबून धर मला."

"तुम्हाला?"

"का? म्हाताऱ्या माणसाला पाठ नसते?"

आम्ही रीतसर एकमेकींसमोर वाकलो. मी आडवी झाले, त्यालाच दोन मिनिटं लागली. इथे पडायला शिकवतात, सावकाश आडवं व्हायला कुणी शिकवत नाही. मुंगीने माझी मान कवेत घेतली, छाती टेकवली, डोकं माझ्या कानाशी दाबलं. वजन म्हणाल तर ओल्या चादरीएवढं. तिचं काळीज लहान घड्याळासारखं भराभर चाललेलं.

माझा बेत साधा होता. दहा म्हटलं की थाप मारायची आणि हिला दाखवायचं, बघ, काही होत नाही. दहा झाले. माझा हात मॅटवर होता तिथेच राहिला. पंधरा झाले. एकतीस वर्षं मिनिटाची चूक न केलेला माझा हात. वीस. बावीस.

"काकू, थाप."

"हं."

"वीस झाले काकू." तिने मान वर केली. "रडताय?"

"घाम आहे गं तो."

तिने डोकं परत माझ्या कानाशी टेकवलं. मग माझ्या कानात अगदी हळू, लहान बाळाची समजूत काढावी तशी म्हणाली, "मारा ना थाप. मी सोडते, आणि मग परत धरते. खरंच."

मी दोन थापा मारल्या. तिने त्या क्षणी सोडलं. मांडीवर हात ठेवून वाकली, आणि बोलल्याप्रमाणे पुन्हा धरलं. असं पाच वेळा. मग मी म्हटलं, आता तू खाली.

मी तिला धरलं. माझा गुडघा बोंबलत होता. ती डोळे मिटून पडली, नेहमीसारखी. चार, पाच, सहा. मग तिने एक डोळा उघडला आणि मला निरखलं. मला वाटतं, ही बाई शब्दाची पक्की आहे की नाही ते जोखत होती. दोन थापा. मी सोडलं. सोडणं इतकं जड असतं हे त्या पोरांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"परत?" ती म्हणाली.

"परत."

शनिवारी सगळे कडेला बसले. आई खांद्यावरची पिशवी न उतरवता दारात उभी. रणगाडा मुंगीच्या अंगावर अंग टाकायलाच तयार होईना; सरांनी दोनदा दटावलं तेव्हा तो एखाद्या काचेच्या भांड्यावर झुकावं तसा झुकला. सर स्वतः मोजत होते. आठव्या आकड्याला मॅटवर खणखणीत दोन थापा पडल्या. रणगाडा चटका बसल्यासारखा उडाला, आणि मुंगी उठून बसत सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अरे पळतोस काय! परत ये!"

हॉल हसला. सर हसले. आईचा चेहरा उजळला. "आवाज ऐकलात?" ती मला म्हणाली. "आला की हो आत्मविश्वास!" मी कार्ड पुढे केलं आणि सरांनी तिसऱ्या फायद्यासमोर खूण केली.

त्या माऊलीला सगळं सांगावं असं मनात आलं. पण असं सांगितलेलं आरोपासारखं लागतं. मी एवढंच म्हणाले, "हिचा पट्टा घरून निघताना तुम्ही बांधून द्या."

"तिला येतो की बांधता."

"येतो. तरी द्या."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुलीकडे. शेवटी खांद्यावरची पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली, वाकली, आणि मुंगीचा सैल झालेला पट्टा तिथेच नीट करायला लागली. मुंगी दोन्ही हात वर करून, श्वास रोखून उभी होती.

आता मुंगी पट्टा बांधूनच येते. टेबलापाशी थांबत नाही. पळता पळता "हजर काकू!" म्हणून आत जाते आणि रणगाड्याशी हुज्जत घालायला लागते. लवकर येण्याचं तिला काही कारण उरलेलं नाही. मी मात्र हॉल अजून अर्धा तास आधी उघडते. गुडघ्याला हिंडणं बरं असतं, असं सरांना सांगून ठेवलंय.

आई बांधते ती गाठ आमच्याकडची नव्हे. रक्त काढताना दंडाला पट्टी बांधतात तशी आहे, एका टोकाला ओढलं की सुटणारी. रोज सरावाच्या मध्यात तिचा पट्टा सुटतो. मुंगी कडेला येते, माझ्यापासून चार हातांवर उभी राहते आणि तो पुन्हा बांधते. पक्की गाठ तिला येते, मी स्वतः पाहिलेली आहे.

ती आईसारखीच बांधते. मी हजेरीपटात मान घालते.