नऊ रुपयांचं वारं

कुशाबाईनं मीटरवरचं झाकण उचललं आणि नळ उघडला. पाणी आलं नाही. नळ आधी नुसता फुसफुसला, मग म्हशीसारखा फुरफुरला, आणि काचेखालचं लाल चाक गरागरा फिरायला लागलं. चांगली पाच मिनिटं ते फिरत राहिलं. मग कुठं गढूळशी धार पिंपात पडली.

"मावशी, ह्यो वारं मोजतोय," शेजारी उकिडवा बसलेला बादशाह म्हणाला. गावातले नळ जोडायचं, दुरुस्तीचं काम त्याच्याकडंच होतं, मीटरही त्यानंच बसवले होते. "पाणी गेलं की पाइप मोकळा हुतो. पुन्हा सोडलं की आदी आतलं वारं भाईर पडतं. आन् तुमची वस्ती पार शेवटाला. समदं वारं हितंच."

"रोजच?"

"रोजच की."

कुशाबाई कंबरेला खोचलेला लोकरीचा दोरा काढून बसली. पिंप भरलं की तिनं त्यात एक गाठ मारली. लिहिता येत नव्हतं म्हणून तिचं अडत नव्हतं. सासरी मेंढरं होती तेव्हा सासरे कोकरांची मोजदाद अशीच ठेवत. आज तिसावी गाठ होती. रोज एक पिंप, दोनशे लिटरचं.

महिनाभरापूर्वी तिनं पंचायतीत भांडून दहा घरांना मीटर बसवून घेतले होते. तीन वर्षं ती पंच होती आणि तीन वर्षं एकच गोष्ट सांगत होती. टाकीजवळच्या वरच्या आळीत नळांना तोट्याच नाहीत, तिथं म्हशी धुतात, परसात वांगी भिजवतात; आणि वस्तीवर घराला एक पिंप मिळतं. पाणीपट्टी मात्र दोघांना सारखी. ज्याला जितकं पाणी, त्याला तितकं बिल, एवढंच तिचं मागणं होतं. सगळ्या गावाला मीटर लावायचे की लावलेले दहाही काढायचे, हे आजच्या ग्रामसभेत ठरणार होतं.

"दादासाहेबांना ह्ये चाक दिसलं, की मीटर गेलेच म्हनायचं," बादशाह म्हणाला. वरच्या आळीतल्या दादासाहेबांनी स्वतःच्या दारात मीटर बसवूच दिला नव्हता. बादशाहनं आवाज खाली आणला. "घटकाभर उलटा बसवू का? उलटा बसवला की आकडा मागं पळतो. कुणाला कळायचं न्हाय."

कुशाबाईला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. तिनं पिंपातल्या पाण्याकडं पाहिलं. मीटर गेले तर वस्तीला जन्मभर एवढंच.

"नको रं बाबा. चोरीच करायची तर दादासाहेब काय वाईट हायेत?"

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच महिपतराव खुर्चीवर, शेजारी वही घेऊन ग्रामसेवक. बाकीचं गाव सतरंजीवर. कुणी विचारायच्या आधीच कुशाबाई उठली.

"माज्या मीटरनं नऊ हजार लिटर दावलं. त्यातलं तीन हजार वारं हाय."

व्हरांडा खदखदून हसला. दादासाहेबांचा चेहरा तर लग्नघरासारखा उजळला.

"ऐका, महिपतराव! वारं मोजायचं यंत्र आणलंय बाईंनी. काढा समदे, द्या भंगारात!"

बादशाहनं मान खाली घातली. कुशाबाईनं दोरा वर धरला.

"तीस पिंपं, तीस गाठी. सा हजार लिटर पाणी."

"गाठी काय, घरी बसून कुणीबी मारंल."

"व्हय, मारंल. म्हून तर उद्या सकाळी या, दादासाहेब. पिंप भरंस्तवर नळापाशी बसा."

दादासाहेबांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"ह्यो मीटर नव्हता, तवा काय वारं येत नव्हतं?" कुशाबाई आता महिपतरावांकडं वळली. "सात वर्सं आमी सांगतोय, नळाला वारं येतं. तुमी म्हनायचा, बायकांची कुरकुर. आता आकडा हाय."

मग ती ग्रामसेवकाच्या टेबलापाशी गेली आणि सत्तावीस रुपये मांडले. हजार लिटरला तीन रुपये, असा दर पंचायतीनंच ठरवला होता.

"नऊ हजाराचं बिल भरते, भाऊसाहेब. पर पावत्या दोन द्या. अठरा रुपयांची पाण्याची, नऊची येगळी."

"वेगळी? तिच्यावर काय लिहू?"

"वारं. तीन हजार लिटर."

ग्रामसेवकानं पेन उघडलं. ते पावतीपुस्तकाच्या वर तसंच थांबलं. त्यानं सरपंचांकडं पाहिलं. मागच्या रांगेतून प्रयागबाई ओरडली, "मलाबी तसलीच द्या, भाऊसाहेब! सात वर्सांची!" वस्तीवरच्या बायका एकेक करून उठायला लागल्या. आता कुणी हसत नव्हतं. पंचायतीनं सही-शिक्क्यानिशी वारं विकल्याचा कागद एकदा बाहेर पडला, तर तो कुठवर जाईल, हे महिपतरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

"बादशाह, ह्ये वारं भाईर काढायला काय लागतं रं?"

"वस्तीच्या शेवटाला एक वॉल, आबा. मीटरच्या आदीच वारं निघून जातं."

"आन् वरच्या आळीला मीटर किती लागत्याल?"

"त्रेसष्ट," बादशाह ताबडतोब म्हणाला.

"महिपतराव, आवं..." दादासाहेब अर्धवट उठले.

"बसा, दादासाहेब. भाऊसाहेब, ठराव लिवा. वॉल आदी, मीटर समद्यांना." महिपतराव वळले आणि गोड आवाजात म्हणाले, "झालं न्हवं, वहिनी? आता ते नऊ रुपये उचला."

कुशाबाईनं पैशांना हात लावला नाही. ती टेबलासमोर तशीच उभी राहिली.

"ठराव लिवा की," ती म्हणाली. "पर आदी पावती."